वनविकास महामंडळ : मालगुजार गेला, मालगुजारी राहिली



चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यातल्या कोणत्याही जंगलालगतच्या गावात जाऊन विचारा, समोरचे जंगल कोणाचे? उत्तर दोनपैकी एक येते. 'फॉरेस्टचे' किंवा 'एफडीसीएमचे'. 'आमचे' असे उत्तर क्वचितच येते. जे गाव पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलातून मोह वेचते, सरपण आणते, बांबू तोडते, गुरे चारते, त्या गावाच्या तोंडून 'आमचे' हा शब्द कोणी काढून घेतला? हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. आणि हा प्रश्न फक्त आदिवासींचा आहे असे समजून गप्प बसणाऱ्या आपल्याच माणसांसाठीही आहे.

एफडीसीएम म्हणजे महाराष्ट्र वनविकास महामंडळ मर्यादित. शेवटच्या 'मर्यादित' या शब्दाकडे नीट पाहा. ही कंपनी आहे. कंपनी कायद्याखाली १९७४ साली तिची नोंदणी झाली. भागभांडवल सरकारचे, मुख्यालय नागपूरला, आणि ताब्यात सुमारे साडेतीन लाख हेक्टर वनजमीन. एवढी जमीन या राज्यात कोणत्या जमीनदाराकडे आहे?

कंपनी का काढली गेली, हे समजून घेतले पाहिजे. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७२ मध्ये उत्पादन वनीकरणावर अंतरिम अहवाल दिला. त्याचा सारांश असा, की नैसर्गिक मिश्र जंगल कमी उत्पन्न देते, तेव्हा ते काढून तिथे बाजारात भाव मिळणारी झाडे लावावीत, आणि या कामासाठी बँकांचे कर्ज घेता येईल अशी महामंडळे काढावीत. त्यानंतर देशभर राज्याराज्यांत वनविकास महामंडळे निघाली. याच आयोगाने १९७६ च्या अंतिम अहवालात ग्रामीण जनतेबद्दल जे मत दिले ते आजही आपल्याला टोचले पाहिजे. जंगलालगतच्या लोकांनी जंगल राखायला फारसा हातभार लावलेला नाही, त्यांना वनोपज फुकट मिळत असल्यानेच जंगलाचा नाश झाला आणि ही प्रक्रिया उलटवली पाहिजे, असे आयोगाचे म्हणणे होते. म्हणजे ज्यांच्या पायाखाली ते जंगल होते ते गुन्हेगार, आणि ज्यांना त्याचे लाकूड हवे होते ते विकासक!

आपल्या भागात याला आणखी एक इतिहास आहे. मध्य प्रांतातली मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली. १९५१ पासून मालगुजारांची जंगले सरकारकडे आली. त्या वेळी गावकऱ्यांचे निस्तार हक्क निस्तारपत्रकांत नोंदवले गेले. सरपण, बांबू, चराई, घरासाठी लाकूड हे गावाचे हक्क आहेत, हे सरकारने स्वतःच्या कागदावर लिहून घेतले. पुढे पाव शतकही झाले नाही तोच त्याच पट्ट्यातली लाखो हेक्टर जमीन कंपनीच्या ताब्यात गेली. मालगुजार गेला आणि त्याच्या जागी व्यवस्थापकीय संचालक आला. गावकरी जिथे उभा होता तिथेच उभा राहिला, फक्त आता तो 'अतिक्रमणदार' झाला. त्याच्या शेताला 'जबरानजोत' म्हणतात. जबरदस्ती कोणी कोणावर केली, हे शब्द घडवणाऱ्यांनी आधीच ठरवून टाकले.

कंपनीच्या खातेवहीत काय लिहिले जात नाही

कंपनी घनमीटर मोजते. सागवानाचा घनमीटर, त्याचा लिलावातला भाव, रोपवनाचे हेक्टर. जे मोजता येत नाही ते तिच्यासाठी नसते. मोहाच्या झाडाखाली पहाटे फुले वेचणारी बाई या हिशेबात नाही. मोहफूल, मोहाच्या बियांचे तेल, चारोळी, आवळा, हिरडा, बेहडा, तेंदूपत्ता, डिंक, मध, पावसाळ्यातल्या रानभाज्या आणि कंदमुळे, यांवर भूमिहीन घराचे उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याच्या तोंडचे दिवस निघतात. शेती नाही, मजुरी नाही, अशा वेळी जंगल हेच रेशन दुकान असते. मिश्र जंगल साफ करून तिथे रांगेत सागवान लावले, तर कंपनीच्या कागदावर 'उत्पादकता' वाढते आणि त्या बाईचे रेशन दुकान बंद होते. सागाच्या पानाला गुरे तोंड लावत नाहीत. सागाखाली मोह वेचता येत नाही. सागाचे झाड तयार व्हायला अनेक दशके लागतात. तोवर त्या गावाने काय खायचे?

सरकारलाही ही चूक उमगली होती. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने स्पष्ट म्हटले, की जंगलाचा मुख्य हेतू पर्यावरणाचे संतुलन हा आहे, आर्थिक लाभ त्यापुढे दुय्यम आहे. वनालगतच्या लोकांच्या गरजांचा जंगलावर पहिला भार मान्य केला. त्याच वर्षी वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन नैसर्गिक जंगल साफ करून लागवड करायला केंद्राची मंजुरी बंधनकारक झाली. पण मंजुरी घ्यायची कोणाची? दिल्लीची. ज्या शिवेवर कूप पडणार त्या गावाची नाही. महामंडळाचा कारभार मंत्रालयातले सचिव, वनाधिकारी आणि सरकारने नेमलेली माणसे पाहतात. त्या टेबलाशी ग्रामसभेसाठी खुर्ची नाही.

आता 'रोजगार' हा शब्द पुढे केला जाईल. महामंडळ मजुरांना काम देते, हे खरे आहे. रोपवाटिका, खड्डे, निंदणी, विरळणी, तोड, वाहतूक, या सगळ्याला हात लागतात आणि ते हात गावातलेच असतात. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या जंगलावर आपला हक्क कायद्याने सांगितला आहे, त्याच जंगलात आपण काही आठवड्यांची रोजंदारी मिळाली म्हणून उपकार मानायचे का? हक्कदाराला मजूर बनवायचे आणि वर रोजगार दिला म्हणून सांगायचे, ही युक्ती आपल्याला नवी नाही. बलुत्याची भाकरी अशीच वाढली जायची.

'पण ही तर सरकारी मालकी आहे!'

आपल्या चळवळीतले काही अभ्यासू मित्र इथे एक आक्षेप घेतात. ते म्हणतात, बाबासाहेबांनी तर राज्य समाजवाद मांडला. जमीन आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे ते म्हणाले. मग सरकारी महामंडळाला विरोध कसा? खासगी कंपनीपेक्षा सरकारी बरे नाही का?

आक्षेप गंभीर आहे, म्हणून उत्तरही नीट दिले पाहिजे. 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे १९४७ चे निवेदन उघडून पाहा. त्यात शेती हा राज्याचा उद्योग असावा असे म्हटले आहे, हे खरे. पण पुढे काय आहे? राज्याने घेतलेली जमीन गावातल्या रहिवाशांना जात वा पंथ न पाहता कसायला द्यायची, ती त्यांनी सामूहिकपणे कसायची, पाणी, जनावरे, अवजारे, खत, बियाणे यांसाठी भांडवल राज्याने पुरवायचे. हेतू एकच, की गावात जमीनदार राहू नये, कूळ राहू नये आणि भूमिहीन मजूर राहू नये. त्याच निवेदनात बाबासाहेबांनी सरकारच्या ताब्यातल्या पडीक जमिनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी एका आयोगाकडे विश्वस्त म्हणून ठेवाव्यात अशी मागणी केली. ही मागणी त्याआधी, जुलै १९४२ मध्ये नागपुरात झालेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेतही ठरावरूपाने आली होती. नागपुरात! जिथे आज या महामंडळाचे मुख्यालय आहे त्याच शहरात.

आता बाबासाहेबांची कसोटी महामंडळाला लावा. मालकी राज्याची आहे, बरोबर. पण कसणारा कोण? लाभ कोणाचा? भूमिहीन संपला का? राज्याने जमीन घेतली आणि गावाला दिली, तर तो राज्य समाजवाद. राज्याने जमीन घेतली, गावाला कुंपणाबाहेर काढले आणि त्यालाच रोजंदारीवर आत बोलावले, तर ती सरकारी जमीनदारी. पाटी सरकारी असली म्हणून जमीनदाराचा समाजवादी होत नाही. भारतीय संविधानाच्या कलम ३९ (ख) मध्ये भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण यांची विभागणी सर्वांच्या हिताला उपकारक व्हावी असे म्हटले आहे. विभागणी हा शब्द तिथे मुद्दाम आहे.

'हा तर आदिवासींचा प्रश्न'

दुसरा आक्षेप आपल्याच वस्त्यांतून येतो. जंगलाचा प्रश्न गोंडांचा, माडियांचा, आपला प्रश्न आरक्षण, शिष्यवृत्ती आणि अत्याचारांचा. हा विचार आपल्याला महागात पडतो.

पहिली गोष्ट, २००६ च्या वनहक्क कायद्याचे पूर्ण नाव वाचा. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम. 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणजे कोण? पूर्व विदर्भातल्या जंगलगावांतले बौद्ध, ढिवर, गोवारी, बुरूड, कुणबी, हे सगळे त्यात येऊ शकतात. अट अशी, की १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, ते जंगलात वा जंगलालगत राहत असावेत आणि उपजीविकेसाठी त्यावर अवलंबून असावेत. या अटीचा चुकीचा अर्थ लावून आपल्या माणसांचे दावे फेटाळले गेले. 'या शेतावरचा ७५ वर्षांचा ताबा दाखव' असे भूमिहीनाला सांगितले जाते. कायदा असे म्हणत नाही. ७५ वर्षांची अट वास्तव्याची आणि अवलंबून असण्याची आहे, त्या विशिष्ट शेताच्या ताब्याची नाही. ताब्यासाठी तारीख १३ डिसेंबर २००५ हीच आहे. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाचा खुलासाही असाच आहे. शिवाय पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब नियमांनी मान्य केला आहे, आणि अमुकच कागद आणा असा हट्ट समित्यांना धरता येत नाही. ज्यांच्या पूर्वजांच्या नावाने सातबारा होऊच दिला नाही, त्यांच्याकडेच सातबारा मागायचा, हा न्याय कुठला?

फेटाळलेल्या दाव्याचा अर्थ काय होतो, हे फेब्रुवारी २०१९ मध्ये दिसले. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारीला दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला. देशभर आवाज उठल्यावर २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. त्या पंधरा दिवसांत ज्यांच्या डोक्यावर तलवार होती त्यांत आदिवासी होते, आणि आपलेही होते.

दुसरी गोष्ट, बुरूड. महाराष्ट्रात बुरूड अनुसूचित जातीत आहेत. सूप, टोपली, डालगे, तट्ट्या विणणारे हे हात बांबूवर जगतात. चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू वर्षानुवर्षे दीर्घ करारांवर कागद कारखान्याकडे गेला. बुरडाने कार्ड दाखवायचे, डेपोवर रांगेत उभे राहायचे, मिळेल तो ओला-वाळका बांबू घ्यायचा, आणि स्वतः तोडला तर चोर ठरायचे. गिरणीला टनाने, बुरडाला मोजून. अनुसूचित जातीच्या एका संपूर्ण कारागीर समाजाचा कच्चा माल असा बाहेर गेला आणि आपल्या मोर्चांच्या मागण्यांत हा मुद्दा शेवटून दुसरा आला तर आला.

तिसरी गोष्ट, आपला इतिहास. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला. ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह छेडला आणि लाखोंनी तुरुंग भरले. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातली प्रमुख मागणी होती. तो लढा लढणारी माणसे 'जमिनीचा प्रश्न दुसऱ्याचा' असे म्हणाली नाहीत. आज राज्यात कोट्यवधी झाडे लावायच्या मोहिमा निघतात. २०१९ चे लक्ष्य ३३ कोटींचे होते. झाडे लावायला जमीन लागते. मोठ्या शेतकऱ्याच्या बांधाच्या आत कोणी खड्डा खणत नाही. मोकळी दिसते ती गायराने, झुडपी जंगले आणि जबरानजोत. तिथे कोण कसते, हे आम्ही सांगायला हवे का? झाडाला आमचा विरोध नाही. भूमिहीनाच्या ताटात खड्डा खणण्याला आहे.

'महामंडळ नसेल तर जंगल लुटले जाईल'

तिसरा आक्षेप शहरी पर्यावरणवाद्यांचा. लोकांच्या हाती जंगल दिले तर ते शिल्लक राहणार नाही म्हणे. उत्तर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात आहे. मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. या गावाने त्याआधीच कागद कारखान्याच्या बांबूतोडीला विरोध केला होता. हक्क मिळूनही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना, कारण बांबू हे गौण वनोपज आहे असे कायद्यात लिहिले असूनही वनखाते ते मानायला तयार नव्हते. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. केंद्रीय मंत्र्याला गावात यावे लागले तेव्हा कायद्यातले एक कलम अमलात आले!

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव पाहा. २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टरवर हक्क मिळाला. गावाने बांबू स्वतः विकला, आणि तेंदूपत्त्यासाठी आगी लागतात, फांद्या तुटतात, म्हणून तेंदूतोड स्वतःहून थांबवली. हातात येणारा पैसा सोडून जंगल राखणाऱ्या गावाला आपण 'लुटारू' म्हणायचे, आणि घनमीटर मोजणाऱ्या कंपनीला 'संवर्धक'?

आणि कायदा महामंडळाला वेगळी सूट देत नाही. वनहक्क कायद्यात 'वनजमीन' म्हणजे कोणत्याही वर्णनाची वनजमीन. राखीव, संरक्षित, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, सगळे त्यात आले. महामंडळाच्या ताब्यातली जमीनही वनजमीनच आहे. ती कंपनीकडे आहे म्हणून गावाचा हक्क संपत नाही.

सागवान कोणाच्या दारात गेले

सरकारी कंपनीचे लाकूड कोणत्या भावनेने हलते तेही पाहू. मार्च २०२३ मध्ये महामंडळाच्या बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान निघाले. काष्ठपूजन झाले, शोभायात्रा निघाली, राज्याचे वनमंत्री पुढे होते. विक्रीचा व्यवहार असेल तर पावती पुरते. धर्मनिरपेक्ष राज्याच्या कंपनीला पूजा आणि मिरवणूक कशासाठी लागते? नागपूरच्या गोरेवाडा प्राणिउद्यानाचा कारभार याच महामंडळाकडे आला. गोंडवानाचे नाव द्या, अशी आदिवासी संघटनांची मागणी होती. २६ जानेवारी २०२१ ला उद्घाटन झाले ते बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने. जंगल ज्यांचे, नावही त्यांचे नाही आणि लाकडाचा मानही त्यांना नाही.

ग्रामसभा म्हणजे पुन्हा पाटीलच का?

आता सर्वांत कठीण प्रश्न. आंबेडकरी माणसाने ग्रामसभेवर विश्वास का ठेवावा? ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाचे वर्णन संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयतेचे आगर असे केले. आमचा त्यावर आजही विश्वास आहे. जंगल महामंडळाकडून काढून गावातल्या बड्या घरांच्या हाती गेले, तर बौद्ध वस्तीला काय मिळणार?

म्हणूनच आम्ही 'गावाला द्या' एवढेच म्हणून थांबत नाही. बाबासाहेबांनी घटक मानला तो व्यक्तीला. वनहक्क कायद्यातली ग्रामसभा म्हणजे गावातली प्रत्येक प्रौढ व्यक्ती. गणपूर्ती निम्म्या सदस्यांची, उपस्थितांत किमान एक तृतीयांश महिला. वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. वनहक्क समितीत दहा ते पंधरा सदस्य, दोन तृतीयांश जागा अनुसूचित जमातींच्या, एक तृतीयांश महिला. उरलेल्या जागांवर बौद्ध आणि बुरूड घरातली माणसे, विशेषतः बाया, बसल्या पाहिजेत. ही पाटलाची चावडी नाही. पण आपण रिकामी सोडली तर चावडी व्हायला वेळ लागणार नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

१. महामंडळाच्या ताब्यातील क्षेत्रावरचे सामूहिक वनहक्क दावे निकाली काढा. तोवर ग्रामसभेच्या लेखी ठरावाशिवाय कूप पाडू नका.

२. इतर पारंपरिक वननिवासींचे फेटाळलेले दावे पुन्हा तपासा. वडीलधाऱ्यांचे जबाब पुरावा म्हणून घ्या.

३. बांबूवर पहिला हक्क ग्रामसभेचा आणि बुरूड कारागिरांचा.

४. प्रत्येक कूपाचा हिशेब, किती झाडे तुटली, किती रुपये आले, किती मजुरी गेली, हे मराठीत ग्रामसभेत वाचून दाखवा.

५. पुढच्या टप्प्यात जमीन ग्रामसभांकडे जावी आणि महामंडळाने रोपे, प्रशिक्षण, साठवण आणि बाजार पुरवावा. बाबासाहेबांच्या राज्य समाजवादात राज्याचे काम हेच होते.

मागण्या मंत्रालयात द्यायच्या आणि काम गावात करायचे. विहारात पौर्णिमेला माणसे जमतात, तिथे एक टेबल मांडा. आजी-आजोबांचे जबाब लिहून घ्या. शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतून आजोबांचे नाव शोधा. निस्तारपत्रकाची नक्कल काढा. गोंड टोल्यावर जा, त्यांच्या दाव्यावर सही करा, आपल्या दाव्यावर त्यांची घ्या. कंपनीला सगळ्यात सोयीचे असते ते आदिवासी आणि बौद्धांनी एकमेकांकडे पाठ करून बसणे.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे आपण भिंतींवर पुष्कळ लिहिले. आता ते वनहक्क दाव्याच्या अर्जावर लिहायची वेळ आहे.

जय भीम! जय संविधान!